सात हात सोळा बोटं पाणी

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आता माझी पन्नाशी उलटली आहे. आमचे गणिताचे सर कुत्र्याला भ्यायचे, हेडमास्तरांच्या घंटीला भ्यायचे, आणि भिंतीवरच्या पालीला तर इतके भ्यायचे की पाल दिसली की आमचा वर्ग उठून बाहेर लिंबाखाली भरायचा. भीती वाटली की ते मोजायला लागत. ओठ हलायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. कुत्रं मागं लागलं तरी सर पळत नसत, पावलं मोजत चालत राहायचे. "मोजलेली गोष्ट चावत न्हाई," असं आम्हाला ठासून सांगायचे. एकदा चावली. मग त्यांनी पोटातली चौदा इंजेक्शनं मोजली.

आमचं गाव रेणापूरच्या अलीकडं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. शाळेच्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं; शिपाईमामा त्यावर पट्टीनं रेघ मारून वर शाईनं 'लातूर' लिहायचे. आमच्या दहावीच्या फॉर्मवर असं खोडून लिहिलेलं होतं, आणि बोर्ड आपल्याला बसू देतं की नाही या धास्तीनं वर्गातल्या मुली आठ दिवस जेवल्या नव्हत्या. सगळे जिल्हा झाल्याच्या आनंदात होते. सर मात्र आभाळाकडं बघायचे. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि तिसरा यायला अजून अवकाश होता.

सर नांदेडचे. एकटेच. शाळेच्या मागं एक खोली होती, तीत राहायचे. मुलींना ते नावानं हाक मारत नसत. हजेरीत माझा नंबर तेरावा, म्हणून मी 'तेरावं पद'. गणित अडलं आणि एखादी रडायला लागली की म्हणायचे, "आधी पहिलं पद शोध, मग रड." पहिलं पद सापडेपर्यंत रडू निघून गेलेलं असायचं, हे खरं.

श्रेढीचा धडा त्यांचा जीव की प्राण. पण पुस्तकातल्या उदाहरणांवर त्यांचा राग होता. पुस्तकात एक नाट्यगृह होतं. पहिल्या रांगेत वीस खुर्च्या, दुसऱ्या रांगेत बावीस, तिसऱ्या रांगेत चोवीस. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "नाट्यगृह कुणी बघितलंय?" एकही हात वर झाला नाही. "मी बी न्हाई. मंग आपण त्या खुर्च्या कशाला मोजायल्यात?"

मागच्या बाकावरच्या एका मुलाकडं त्यांनी बोट दाखवलं. त्याच्या घरी म्हैस होती आणि परसात कडब्याची गंजी होती. सरांनी फळ्यावर गंजी काढली. सगळ्यात खाली एकवीस पेंढ्या, त्यावर वीस, त्यावर एकोणीस, असं करत वर एक. एकूण किती? आम्ही सूत्र लावलं, दोनशे एकतीस आले. "म्हैस रोज सात पेंढ्या खाती. किती दिवस?" तेहतीस. "तेहतिसाव्या दिवशी कोणता महिना असंल?" त्या मुलानं बोटांवर मोजलं आणि वही मिटली. उत्तर बरोबर होतं आणि वर्गात कुणीच शाबासकी मागितली नाही. आठ दिवसांत त्याच्या बापानं म्हैस छावणीत नेऊन बांधली.

सरांची सगळी उदाहरणं अशीच असायची. गणित सुटायचं आणि घरी जाऊन आम्ही धान्याच्या डब्यात डोकावून बघायचो.

भूमिती श्रेढी शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला जवळ बोलावून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग आम्हाला म्हणाले, "हिनं दोघींना सांगायचं. त्या दोघींनी आणखी दोघादोघांना. दहा पायऱ्या झाल्या तर किती जणांना कळंल?" एक, दोन, चार, आठ असं करत बेरीज एक हजार तेवीस आली. आमच्या शाळेत तेवढी डोकी नव्हती. मधल्या सुट्टीत हेडमास्तर स्वतः लगबगीनं वर्गाच्या दारात आले, सरांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ऐकलंत का? पेपर फुटलाय म्हणतात, पुन्हा परीक्षा हाय!" सरांनी घड्याळ बघितलं आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "एक तास चाळीस मिनिटं." त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. हेडमास्तर पुढं महिनाभर सरांशी बोलले नाहीत.

आणखी एक विचित्रपणा म्हणजे रांग. सर कुठल्याच रांगेत उभे राहत नसत. राशन असो, पगार असो, रांग संपेपर्यंत लांब भिंतीला टेकून थांबायचे. कितीतरी वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, नांदेडच्या स्टँडवर मला ते दिसले होते. हदगावची गाडी लागली, रांग लागली, गाडी भरून गेली. दुसरी लागली, तीही गेली. सर खांबाजवळ उभे, अंगठा पेरांवर फिरतोय. मी लांबूनच बघितलं. बोलायला गेले नाही. का गेले नाही ते पुढं सांगते.

गावची मोठी बारव त्या वर्षी संक्रांतीलाच आटली. मग अख्खं गाव आमच्या भीमनगरच्या विहिरीवर आलं. त्याआधी गावातल्या कुणी त्या विहिरीच्या कठड्याला हातही लावला नव्हता. वस्तीतली मोठी माणसं दोन दिवस बसली, बोलली आणि शेवटी म्हणाली, भरा. माझी माय एवढंच म्हणाली, "भरू द्या. फकस्त माझ्या लेकीचं बाळंतपण तेवढं होऊ द्या."

माझी थोरली बहीण, आक्का, मुखेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला सातव्यात एसटीनं आणलं होतं. वडील वीज मंडळात लाइनमन, बदली हदगावला, महिन्यातून एकदा घरी यायचे. घरात आम्ही तिघी आणि आत्या. आत्या वस्तीची सुईण. निम्मी वस्ती तिच्याच हातावर जन्मलेली. तिनं आक्काच्या पोटाला हात लावून सांगितलं, "अजून वीसेक दिस हायेत." आक्काच्या सासरी बोअरला पाणी होतं. तिला परत मुखेडला धाडावं, की दिवस भरत आलेल्या बाईला खड्ड्यांच्या रस्त्यावर घालायचंच नाही? मायला रात्रंदिवस हाच घोर. शेवटी एका सकाळी ती मला म्हणाली, "तुझ्या सरांना इचार गं, इहीर किती दिस पुरंल."

म्हणजे सुरुवात माझ्या प्रश्नानं झाली. हे मी अजून विसरलेले नाही.

सर दोरीला गाठी मारून आले. तीन दिवस रोज सकाळी त्यांनी विहिरीत दोरी सोडली. पहिल्या दिवशी पाणी एक बोट उतरलं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. ऊन वाढत होतं, माणसं वाढत होती, रोज एकेक बोट जास्त. सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं: शिल्लक पाणी सात हात सोळा बोटं, एक हात चोवीस बोटांचा, म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी बोटं. उद्या चार बोटं उतरंल, परवा पाच, तेरवा सहा. किती दिवस? सोडवायला मला उठवलं. वर्गात एकट्या मलाच माहीत होतं की हे कशासाठी चाललंय. उत्तर सोळा आलं. बरोब्बर सोळा, एक बोटही इकडंतिकडं नाही.

"हे गणित वर्गाबाहेर न्यायचं न्हाई," सर म्हणाले.

मी घरी जाऊन फक्त मायला सांगितलं. मायनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते तिलाच ठाऊक. सोळा दिवस म्हणजे बाळंतपण होऊन वर दोन-तीन दिवस. तोवर टँकर येईलच. टँकरचा अर्ज मात्र जुन्या जिल्ह्याला द्यायचा की नव्याला, यातच सरपंचांचा आठवडा गेला होता. आक्काला मुखेडला पाठवायचं रद्द झालं.

मंगळवारी पाणी चार बोटं उतरलं. बुधवारी पाच उतरायला हवं होतं, ते आठ उतरलं. गुरुवारी सोळा.

गुरुवारी सरांनी फळ्यावर चार, आठ, सोळा एवढंच लिहिलं. खडू मोडला. आम्हाला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "सर, ही दुसरी श्रेढी हाय." उद्या बत्तीस, परवा चौसष्ट. पाच दिवसांची बेरीज एकशे चोवीस. उरले साठ, आणि सहाव्या दिवसाला पाहिजेत एकशे अठ्ठावीस. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत विहिरीचा तळ. गाव भ्यालं होतं आणि भिऊन भरत सुटलं होतं. रांजण, डबे, घंगाळं, पिठाच्या परातीसुद्धा. एकानं भरलं म्हणून दोघांनी, दोघांनी भरलं म्हणून चौघांनी.

"बाहेर कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

मी उभी राहिले. मायला सांगितलं, असं म्हणाले. मला वाटलं आता छडी. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, "बस." त्यांनी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. मी घरी गेले ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन: विहीर मी उपसली. आक्काचं पाणी मी घालवलं. आणि घरी गेल्यावर मी काय केलं? मायच्या मागं लागले, "माय, आपण बी भरू." आम्हीही दोन हंडे भरून आक्काच्या बाजेखाली सरकवले. वरून गोधडी सोडली. आता आक्काला हलवायचा प्रश्नच नव्हता. तिचे पाय सुजले होते आणि गाडीचं नाव काढलं तरी आत्या अंगावर यायची.

रविवारी पोहऱ्यात चिखल आला. बायका विहिरीवर उभ्या राहून खाली बघत होत्या, कुणी भांडत नव्हतं. भांडण झालं असतं तर एवढी भीती वाटली नसती.

सोमवारी शेजारची वहिनी दारात आली. कडेवर वर्षाचं लेकरू, त्याचे ओठ फुटलेले. "तांब्याभर दे गं," म्हणाली. मी दाराच्या फटीतून म्हणाले, "थेंब न्हाई, वहिनी." माय चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. आणखी एक लाकूड आत सारलं. वहिनी लेकराला दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली.

मंगळवारी सकाळी आक्काला कळा सुरू झाल्या, आत्याच्या हिशेबाच्या चार-पाच दिवस आधीच. दोन हंड्यांतला अर्धा उरला होता. आत्यानं आत डोकावून बघितलं आणि मायला म्हणाली, "एवढ्यात भागायचं न्हाई. पहिलटकरीण हाय. पाणी बग." मायनं माझ्या हातात घागर दिली.

मी किती दारं ठोठावली ते मोजलं नाही. सगळीकडं एकच उत्तर, माझंच उत्तर, माझ्याच आवाजात परत मिळत होतं. न्हाई गं बाई, आमच्यातच न्हाई. दारामागं रांजणावरच्या झाकणीचा आवाज येत होता. वहिनीच्या दारासमोरून मी खाली मान घालून पळाले. तिथं मागायला तोंडच नव्हतं. आक्का मेली तर काय, एवढंच डोक्यात. शेवटी मी शाळेमागं सरांच्या खोलीवर गेले. पाणी मिळेल म्हणून नाही. मोठ्या माणसाला सांगावं म्हणून.

सरांनी दार बोटभर उघडलं. मी ढकललं.

खोलीत बसायला जागा नव्हती. भिंतीलगत ओळीनं भांडी होती. घागरी, रॉकेलचे धुतलेले डबे, बरण्या, औषधाच्या बाटल्या, शाईच्या दौती. सगळी काठोकाठ भरलेली आणि प्रत्येकीवर आमच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका झाकलेल्या. माझी कुठल्या घागरीवर होती तेही मला दिसलं.

सर भिंतीला पाठ लावून उभे होते. "कुणाला सांगू नको," म्हणाले.

मी भांडी बघत राहिले. मग तेच बोलायला लागले, भराभर, वर्गात बोलतात तसं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर होते. दुपारी पाण्याचं पिंप यायचं, रांग लागायची. त्यांचा नंबर आला की पिंप संपायचं. लागोपाठ तीन दिवस तसं झालं. तिसऱ्या दिवशी ते रांगेतच पडले. "तवापासनं रांग दिसली की माझं पिंप संपतंय."

"सर, आक्काला कळा यायल्यात," मी म्हणाले.

ते ऐकत नव्हते. "सोमवारचं गणित मी त्या पहाटंच इहिरीवर केलं होतं," म्हणाले. "तवाच चार खेपा जास्तीच्या भरल्या. परटीणबाईनं बघितलं. ती म्हणली, मास्तर भरायलेत मंजी काहीतरी हाय. गणित कुणाला कळतंय गं? माझ्या घागरी कळल्या. तू न्हाई सांगितलंस गावाला. पहिलं पद मी हाय."

सहा दिवस मी जे डोक्यावर घेऊन हिंडत होते ते त्या माणसाचं होतं. त्याला ते माहीत होतं, आणि मी वर्गात उभी राहिले तेव्हा त्यानं मला खाली बसवलं होतं. मला इतका संताप आला की सगळी भीती गेली. समोरची घागर लाथेनं पाडावी असं वाटलं. पाडली नाही, कारण तिच्यात पाणी होतं. मी ओरडले, "आक्का मरायलीय, सर!"

सरांचे ओठ हलले. ते भांडी मोजत होते की काय मोजत होते कोण जाणे. मग विचारलं, "किती लागंल?"

"मला न्हाई माहीत. तुम्ही शिकवलं न्हाई."

त्यांनी दोन घागरी उचलल्या आणि माझ्या पुढं चालायला लागले. मागच्या वाटेनं नाही, भर बाजारपेठेतून. टळटळीत उन्हात, दोन्ही हातांत भरलेल्या घागरी, सदरा भिजलेला. दारं किलकिली झाली. कुणीतरी म्हणालं, "अरे, मास्तरकडं बी?" ते थांबले नाहीत. पुन्हा गेले, पुन्हा आले. मी डबे आणले, बरण्या आणल्या. दौतींतलंसुद्धा पाणी आमच्या घंगाळात ओतलं; खाली निळसर रंग उतरला, तो आत्यानं फडक्यानं गाळला. गावानं सगळं बघितलं. वहिनी आपल्या दारातून उठली आणि अर्धी कळशी आमच्या उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. बाकीची दारं पुन्हा लागली.

दुपार कलली तरी आक्का सुटली नाही. आतून आत्याचा आवाज, आक्काचं कण्हणं, मग बराच वेळ काहीच नाही. मी अंगणात उकिडवी बसले होते. तसली शांतता मी पुन्हा ऐकली नाही आणि ऐकू नये. मग थप्पड मारल्याचा आवाज आला. पुन्हा आला. आणि मग एक बारीक, चिडलेलं रडणं.

मुलगी झाली. आक्का वाचली.

सर कुंपणापाशी उभे होते, रिकामा डबा घेऊन. माय बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. तोवर मी तिला सगळं सांगून टाकलं होतं. तिनं सरांकडं नीट बघितलं.

"सर, एक इचारते. खरं सांगा. ही पोर तुमचं दार ढकलून आत आली नसती, तर तुमी पाणी दिलं असतं का?"

सरांचा अंगठा पेरांवर फिरायला लागला, आणि थांबला.

"न्हाई," ते म्हणाले.

मायनं ओले हात पदराला पुसले. मग ती माझ्याकडं वळली, आणि तिनं ज्या नजरेनं बघितलं ती मला सोसवेना. दार लावणारी मीही होते. नांदेडच्या स्टँडवर मी सरांना हाक मारली नाही ती याच कारणानं; त्यांच्यावर राग होता म्हणून नव्हे.

"आत या," माय त्यांना म्हणाली.

सर उंबऱ्याशी घुटमळले. मायनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं लेकरू आणलं आणि म्हणाली, "धरा."

त्यांनी हात पुढं केले. ते इतके कापत होते की आत्यानं खालून आपला हात लावला.